केसाचे घरटे
माकडहाडावरील नाडीव्रण : कारण, ओळख आणि उपचार

शरीराच्या ज्या भागाविषयी चारचौघांत बोलण्याचा संकोच वाटतो, त्या भागाच्या रोगांविषयी आपल्याकडे अज्ञानही तितकेच असते. दात दुखू लागला तर माणूस शेजाऱ्यालाही सांगतो; परंतु पाठीच्या तळाशी, दोन कुल्ल्यांच्या मधल्या घळीत गळू झाले, तर पंधरा-वीस वर्षांचा मुलगा आपल्या आईलाही ते सांगत नाही. तो बाकावर एका अंगाला कलून बसतो, डाग पडलेले कपडे स्वतःच धुऊन टाकतो, औषधांच्या दुकानातून कोणाला न कळत गोळ्या आणतो. गळू फुटते, दुःख थांबते, आणि 'गेले एकदाचे' असे वाटून प्रकरण मिटते. पुढे तीन-चार महिन्यांनी, बहुधा परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या ऐन वेळी, तेच गळू त्याच जागी पुन्हा वर येते. असे दोन-तीन वर्षे चालल्यावर मग घरात कळते, आणि तोवर आत रोगाने बोळ पोखरलेले असतात.

ह्या रोगास पाश्चात्त्य वैद्यकात 'पायलोनायडल सायनस' असे नाव आहे. तो प्राणघातक नाही. परंतु ऐन उमेदीच्या वयात विद्यार्थ्याचे वर्ष आणि नोकरदाराच्या रजा खाणारा आहे, आणि चुकीच्या उपचाराने वर्षानुवर्षे चिघळणारा आहे. संस्थेच्या महोत्सवानिमित्त निघणारी ही स्मरणिका घरोघर जाते आणि घरातील लहानथोर सर्वजण ती चाळतात. म्हणूनच ह्या संकोचाच्या विषयावर चार शब्द सरळ लिहावेत, असे आम्हांस वाटले. रोगाचे मूळ काय ते एकदा नीट समजले, की त्याचे उपचार आणि ते उपचार फसण्याची कारणे ही दोन्ही आपोआप उलगडतात. म्हणून आम्ही आधी कारणाचा विचार करणार आहोत.

नाव आणि पूर्वेतिहास

लॅटिन भाषेत 'पायलस' म्हणजे केस आणि 'नायडस' म्हणजे घरटे. ह्या दोन शब्दांवरून अमेरिकेतील बोस्टन येथील हॉजेस ह्या शस्त्रवैद्याने १८८० साली हे नाव रूढ केले. रोग मात्र त्याआधीच नजरेस आलेला होता. १८३३ साली हर्बर्ट मेयो ह्या इंग्रज शस्त्रवैद्याने, आणि १८४७ साली अँडरसन ह्या अमेरिकन डॉक्टराने, अशा व्रणात केस सापडल्याची नोंद केलेली आहे. माकडहाडाच्या वर कातडीखाली एक पोकळी, तिच्यात केसांचा पुंजका, आणि तिथून बाहेर येणारी एक अरुंद नळी, असे ह्या रोगाचे स्वरूप आहे. 'केसाचे घरटे' हे नाव त्यास अगदी शोभते.

आपल्या प्राचीन ग्रंथांत अशा नळीसारख्या व्रणास 'नाडीव्रण' म्हटलेले आहे. सुश्रुताने नाडीव्रणाचे प्रकार सांगताना, शरीरात परकी वस्तू म्हणजे 'शल्य' राहिल्यामुळे होणारा नाडीव्रण निराळा सांगितला आहे. आजचे आयुर्वेदज्ञ प्रस्तुत रोगाची गणना ह्याच शल्यज प्रकारात करतात. ती गणना किती अचूक आहे, हे पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

जन्मजात की मागून आलेला?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक डॉक्टरांची अशी समजूत होती की हा रोग जन्मजात आहे. गर्भावस्थेत पाठीच्या तळाशी कातडीचा एखादा अंश आत दबून राहतो, त्यात केस उगवतात आणि तारुण्यात तो पिकतो, अशी ती उपपत्ती होती. उपचारही तिला अनुसरूनच होत. दोष जन्मापासून खोल रुजलेला आहे, तेव्हा तो मुळासकट उपटला पाहिजे, असे मानून शस्त्रवैद्य हाडापर्यंत मांस खोदून काढीत.

दुसऱ्या महायुद्धात ह्या समजुतीची परीक्षा झाली. अमेरिकन सैन्यातील सुमारे ८० हजार तरुण ह्या एका रोगासाठी लष्करी रुग्णालयांत दाखल झाले. खडबडीत रस्त्यांवरून जीपगाडीत तासन् तास हादरे खात बसणाऱ्यांत तो इतका आढळला, की १९४४ साली बुई ह्या डॉक्टराने त्यास 'जीपचा रोग' असेच म्हटले. मोठमोठ्या शस्त्रक्रिया होत, सैनिक आठवडेच्या आठवडे खाटेवर पडून राहत, आणि इतके करूनही रोग पुन्हा उलटे. जन्मजात दोष जर समूळ काढून टाकला, तर तो पुन्हा आला कोठून, ह्या प्रश्नाला जुन्या उपपत्तीत उत्तर नव्हते.

लंडन येथील पेटी आणि स्कार्फ ह्या दोघांनी १९४६ साली ह्याच प्रश्नाला हात घातला. रोग जन्मजात नसून मागाहून होणारा आहे आणि केस बाहेरून आत शिरतो, असे त्यांनी मांडले. पुढे १९४८ साली त्यांनी एका न्हाव्याच्या हातावरील असाच व्रण वर्णिला. दिवसभर केस कापणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यात गिऱ्हाइकांचे केस कातडीत घुसतात आणि तेथेही हुबेहूब असेच केसाचे घरटे तयार होते. न्हाव्याच्या बोटांमधले केस गिऱ्हाइकाचे असतात. ते गर्भावस्थेतून आलेले असू शकत नाहीत. शिवाय माकडहाडावरील पोकळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर तिच्या भिंतीत केसांची मुळे सहसा दिसत नाहीत. केस आत नुसते सुटे पडलेले असतात. ते तेथे उगवलेले नसून बाहेरून आलेले आहेत, हे यावरून उघड होते.

केस आत शिरतो कसा

वाचकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. गळून पडलेला एक लांब केस अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून बोटे एकमेकांवर त्याच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे घासावीत. केस एकाच दिशेने, म्हणजे मुळाकडच्या टोकाकडे, सरकत जातो; उलट दिशेने येत नाही. ह्याचे कारण असे की केसावर माशाच्या खवल्यांसारखे अतिसूक्ष्म खवले असतात आणि त्यांची टोके शेंड्याच्या दिशेला वळलेली असतात.

गवताचे कुसळ कपड्यात कसे शिरते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एकदा टोक रुतले की चालताना प्रत्येक पावलागणिक ते पुढे पुढे जाते आणि मागे ओढू गेल्यास अडते. केसाचेही तसेच होते. डोक्यावरून, पाठीवरून किंवा कुल्ल्यांवरून गळलेला केस घरंगळत मधल्या घळीत येऊन अडकतो. तेथे घाम असतो, उष्णता असते, हवा खेळत नाही, आणि बसताना, उठताना, चालताना दोन्ही बाजूंची कातडी एकमेकीवर घासत असते. घामाने भिजून मऊ पडलेल्या कातडीवरच्या एखाद्या बारीक छिद्रात केसाचे टोक शिरते आणि पुढचे काम घर्षण करते. आत गेलेल्या केसास शरीर परके मानते. त्याच्याभोवती दाह होतो, पू होतो, पोकळी होते. एकदा छिद्र पडले की दुसरा, तिसरा, दहावा केसही त्याच वाटेने आत जातो.

अथेन्स येथील लष्करी शस्त्रवैद्य कारिडाकिस ह्यांनी आयुष्यभर हजारो सैनिकांवर ह्या रोगाचे उपचार केले. त्यांनी ह्या सर्व विचाराची तीन शब्दांत मांडणी केली : सुटा केस, त्यास आत ढकलणारी शक्ती, आणि त्यास वाट देणारी दुबळी कातडी. ही तिन्ही एकत्र आली की रोग होतो; त्यांतील एकही नाहीशी करता आली तर रोग टळतो. अलीकडे जर्मनीतील संशोधकांनी अशा व्रणांतून काढलेले केस तपासले, तेव्हा त्यांतील पुष्कळसे केस आखूड, कापलेल्या टोकांचे, आणि डोक्याच्या मागील बाजूच्या केसांशी जुळणारे निघाले. न्हाव्याकडून आल्यावर आधी स्नान करावे, हा आपल्या घरांतील जुना परिपाठ ह्या दृष्टीने चांगलाच म्हटला पाहिजे.

अमेरिकेतील बॅस्कम ह्यांनी १९८० साली ह्यात थोडी भर घातली. घळीतल्या केसाचे मूळच आधी ताणले जाऊन फुगते व फुटते, आणि मग ते सुट्या केसांना आत ओढून घेते, असे त्यांचे मत होते. सुरुवात मुळापासून होते की बाहेरून, ह्याविषयी आजही थोडा मतभेद आहे. परंतु रोगाचे माहेरघर म्हणजे ती खोल, ओलसर घळ आणि त्याचे शल्य म्हणजे केस, ह्याविषयी दुमत नाही.

हा रोग कोणास होतो

हा तारुण्याचा रोग आहे. वयात येण्यापूर्वी तो क्वचितच होतो, वीस वर्षांच्या आसपास सर्वांत अधिक होतो, आणि चाळिशीनंतर नव्याने उद्भवत नाही म्हटले तरी चालेल. नॉर्वेत झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर वर्षी लाखात सुमारे २६ लोकांस तो झालेला आढळला; पुरुषांत त्याचे प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून थोडे अधिक होते. म्हणजे मुलींना तो होतच नाही, असे समजू नये. मुलींचा संकोच अधिक असल्यामुळे त्यांचे दुखणे अधिक काळ झाकले जाते, इतकेच.

अंगावर दाट व राठ केस असणे, शरीर स्थूल असल्याने घळ खोल असणे, फार घाम येणे, आणि तासन् तास बसून राहण्याचा व्यवसाय, ह्या गोष्टी रोगास अनुकूल आहेत. मोटारचालक, दिवसभर दुचाकीवर फिरणारे विक्रेते, संगणकापुढे बसणारे कारकून आणि अभ्यासासाठी सतत बैठक मारणारे विद्यार्थी ह्यांनी हे लक्षात ठेवावे. काही घराण्यांत तो बाप आणि मुलगा, किंवा दोघे भाऊ, अशा अनेकांस झालेला दिसतो. ह्याचा अर्थ रोग वारशाने येतो असा नसून, केसांची व शरीराची ठेवण वारशाने येते, असा करावा. हा रोग संसर्गाने दुसऱ्यास लागत नाही आणि त्याचा कोणत्याही दुर्वर्तनाशी काडीचाही संबंध नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण मुले तो लपवितात ती ह्याच भीतीने.

लक्षणे आणि घोटाळे

रोगाची मुख्य खूण म्हणजे घळीच्या बरोबर मधल्या रेषेत, गुदद्वारापासून तीन-चार बोटे वर, टाचणीच्या टोकाएवढी एक किंवा अनेक छिद्रे. कधी त्यांतून केस डोकावत असतो. पुष्कळांना ह्यापलीकडे काहीच त्रास नसतो. परंतु आत पू साठला की एक-दोन दिवसांत जागा लाल होते, सुजते, ठणकते, ताप येतो, आणि पाट असो वा खुर्ची, बसणे अशक्य होते. ही झाली तीव्र अवस्था. गळू फुटल्यावर ठणका थांबतो. पण मधल्या रेषेच्या एका बाजूस, बहुधा थोडे वरच्या अंगाला, एक नवे तोंड तयार होते व त्यातून पू, पाणी किंवा रक्त अधूनमधून झिरपत राहते. ही जुनाट अवस्था होय.

ह्या रोगाचा सर्वांत मोठा घोटाळा भगंदराशी होतो. भगंदराची नळी गुदमार्गाशी जोडलेली असते, आणि तिचे तोंड सहसा गुदद्वाराच्या जवळ असते. प्रस्तुत रोगाचा गुदमार्गाशी संबंध नसतो. दोहोंचे उपचार भिन्न आहेत, म्हणून हा भेद जाणत्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. केवळ वर्णन ऐकून मूळव्याधीचे मलम देणाऱ्यांवर विसंबू नये. काख, जांघ अशा अनेक ठिकाणी वारंवार गळवे होत असतील तर तो घर्मग्रंथींच्या प्रदेशातील निराळा रोग असू शकतो. क्वचित क्षयामुळेही असा वाहता व्रण होतो. तान्ह्या मुलाच्या माकडहाडावर दिसणारी खळी ही निराळी गोष्ट आहे. ती बालरोगतज्ज्ञांस दाखवावी, पण तिला हा रोग समजून घाबरू नये. आणखी एक सूचना अशी की वर्षानुवर्षे वाहत राहिलेल्या व्रणात कर्करोग उद्भवल्याची उदाहरणे आहेत. ती अत्यंत विरळ आहेत, तथापि पन्नाशीच्या माणसाने वीस वर्षांचा वाहता व्रण अंगावर काढणे शहाणपणाचे नाही.

तीव्र गळवाचा उपचार

पू झाला असेल तर त्याला वाट करून देणे, हाच उपचार. जागा बधिर करून किंवा भूल देऊन, मधल्या रेषेच्या जरा बाजूला छेद घेतात, पू काढतात, आतले केस स्वच्छ करतात. छेद मधल्या रेषेत घेतला तर तो भरून येण्यास विलंब लागतो, म्हणून तो बाजूला घेणे इष्ट. जंतुनाशक गोळ्या भोवतालचा दाह पसरू न देण्यास उपयोगी पडतात. परंतु साठलेला पू गोळ्यांनी जिरत नाही आणि केस तर मुळीच विरघळत नाही. अळशीच्या पोटिसाने किंवा कोमट पाण्यात बसून शेकल्याने आराम वाटतो, त्याला आमची हरकत नाही; मात्र त्याने रोग गेला असे समजू नये. गळू दाबून पिळून काढण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये.

गळवाचा निचरा झाल्यावर कित्येकांचा व्रण पुढे पुरता भरून येतो व पुन्हा त्रास देत नाही. म्हणून तीव्र गळवाच्या वेळीच मोठी शस्त्रक्रिया उरकून घेण्याची घाई नसावी. दाह पूर्ण शमल्यावर डॉक्टरांनी पुन्हा पाहावे आणि मग काय ते ठरवावे. त्याचप्रमाणे, ज्याला नुसती छिद्रे आहेत, पण कधी पू झाला नाही, त्याने शस्त्रक्रिया करून घेण्याचे कारण नाही. स्वच्छता आणि केसांचा बंदोबस्त एवढे त्यास पुरे.

जुनाट नाडीव्रणाचा उपचार

येथे वाचकांनी मागील विवेचन आठवावे. रोग जन्मजात असता तर खोल खोदणे योग्य ठरले असते. परंतु केस बाहेरून येत असेल आणि त्यास आत ढकलणारी घळ तशीच खोल राहणार असेल, तर कितीही मांस काढले तरी उपयोग काय? उलट, मधल्या रेषेत टाके घातले म्हणजे सर्वांत दुबळी कातडी, म्हणजे जखमेचा वण, नेमकी घळीच्या तळाशी येते आणि पुढल्या केसाला आयते दार उघडून मिळते. शस्त्रक्रिया करूनही रोग उलटतो तो पुष्कळदा ह्याच कारणाने.

जुन्या पद्धतीत व्रण कापून जखम उघडी ठेवतात व ती तळापासून हळूहळू भरू देतात. टाके घालून बंद केलेल्या जखमेपेक्षा तीत रोग उलटण्याचे प्रमाण कमी असते; पण जखम भरण्यास कित्येक आठवडे, कधी महिने लागतात आणि रोज मलमपट्टी करावी लागते. विद्यार्थी किंवा रोजंदारीवरचा माणूस ह्यांना ते जड जाते.

नव्या पद्धतींचा रोख जखम मधल्या रेषेपासून बाजूला नेण्यावर आणि घळ उथळ करण्यावर आहे. कारिडाकिस ह्यांनी व्रण तिरकस कापून, एका बाजूची कातडी सरकवून, टाके बाजूला घेण्याची रीत काढली. १९९२ साली त्यांनी सात हजारांहून अधिक रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांत रोग उलटण्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. बॅस्कम ह्यांनी घळ उचलून सपाट करण्याची शस्त्रक्रिया बसविली. लेनिनग्राडचे शस्त्रवैद्य लिम्बर्ग ह्यांनी कातडीचा समभुज चौकोनी तुकडा फिरवून पोकळी झाकण्याची जी रीत शोधली होती, तिचाही आज आपल्याकडे पुष्कळ उपयोग केला जातो. 'कॉक्रेन' ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० साली २६ तुलनात्मक अभ्यासांचा एकत्र विचार केला. जखम शिवायचीच असेल तर ती मध्यरेषेपासून बाजूला शिवावी, असा त्यांचा स्पष्ट निष्कर्ष आहे.

प्रत्येकाला एवढी शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. रोग लहान असेल तर मधली छिद्रे तांदळाच्या दाण्याएवढी कोरून काढून आतले केस बारीक ब्रशाने स्वच्छ करणे, ही लॉर्ड आणि मिलर ह्यांनी १९६५ साली सांगितलेली साधी रीत आजही सुधारलेल्या स्वरूपात चालू आहे. पोकळीत फिनॉल घालून ती आतून जाळण्याची पद्धत १९६४ पासून आहे आणि तुर्कस्तानातील शस्त्रवैद्यांनी ती विशेष वापरली. अलीकडे लहान दुर्बीण आत घालून केस वेचणे व पोकळी जाळणे, किंवा लेसर किरणांनी ती मिटविणे, अशाही पद्धती आल्या आहेत. ह्या सौम्य उपचारांत माणूस लवकर कामाला लागतो; रोग उलटण्याची शक्यता मात्र थोडी अधिक मानतात, आणि उलटला तर तो उपचार पुन्हा करता येतो.

तेव्हा रुग्णाने शस्त्रवैद्यास तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. जखम उघडी ठेवणार की शिवणार? शिवणार असल्यास टाके मध्यरेषेत येणार की बाजूला? आणि माझा रोग एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेजोगा आहे, की लहान उपचाराने भागेल? जाणता शस्त्रवैद्य ह्या प्रश्नांनी रागावणार नाही.

क्षारसूत्राविषयी

आपल्याकडे क्षारसूत्राचा पर्याय पुष्कळांच्या कानी असतो. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद ह्यांची पुटे दिलेला दोरा नळीतून ओवून ठेवतात व ठराविक दिवसांनी बदलतात. तो नळी हळूहळू कापीत जातो आणि मागून जखम भरत येते. सुश्रुताने सांगितलेल्या ह्या उपायास आधुनिक काळात काशी हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे ह्यांनी पुन्हा चालना दिली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने भगंदरावर क्षारसूत्राची शस्त्रक्रियेशी तुलना केली व तिचा अहवाल १९९१ साली प्रसिद्ध झाला. क्षारसूत्राने जखम भरण्यास वेळ अधिक लागला, पण रोग उलटण्याचे प्रमाण कमी निघाले. मात्र ती तुलना भगंदराची होती. तिचा निष्कर्ष प्रस्तुत रोगास जसाच्या तसा लावता येणार नाही. ज्याला हा उपाय करून घ्यावयाचा असेल, त्याने शल्यतंत्राचे रीतसर शिक्षण घेतलेल्या वैद्याकडेच जावे आणि आतले केस पूर्ण काढले जातील ना, हे विचारून घ्यावे. रस्त्यावर पाट्या लावून 'बिनऑपरेशन हमखास बरा' अशी हमी देणाऱ्यांपासून दूर राहावे.

शस्त्रक्रियेनंतरची निगा

शस्त्रक्रिया हा उपचाराचा अर्धा भाग. उरलेला अर्धा घरी होतो. उघडी जखम रोज कोमट पाण्याने धुवावी, भोवतालचे सुटे केस काढून टाकावेत, आणि पट्टी परिचारिकेने शिकविल्याप्रमाणे हलक्या हाताने ठेवावी. ठासून भरू नये. जखम वरून मिटून आत पोकळी राहिली तर रोग पुन्हा सुरू होतो, म्हणून नेमलेल्या दिवशी डॉक्टरांस दाखविण्यात चुकारपणा करू नये. जखमेची पाठ रुग्णास स्वतःला दिसत नाही, तेव्हा घरातील एका माणसाने हे काम अंगावर घेतलेच पाहिजे. भाऊ, वडील, आई, पत्नी, ज्याच्याशी संकोच कमी असेल त्याने ते करावे.

टाके घातले असतील तर ते निघेपर्यंत ताठ बसणे, उकिडवे बसणे, जिने वारंवार चढणे-उतरणे टाळावे व कुशीवर किंवा पालथे निजावे. तंबाखू आणि विडी-सिगारेट ह्यांमुळे जखम भरण्यास विलंब होतो; निदान तेवढ्या काळापुरती तरी ती बंद ठेवावीत. मधुमेह असल्यास रक्तातील साखर आटोक्यात असावी. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून ताक, पालेभाजी, फळे आणि भरपूर पाणी घ्यावे. ताप आला, वास मारू लागला, रक्त थांबेना किंवा ठणका वाढला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

केसांचा बंदोबस्त

जखम भरली म्हणजे रोग संपला असे नव्हे. घळ आणि केस दोन्ही अजून आहेतच. २०१८ साली जगभरच्या ८९ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली, तेव्हा जसजशी वर्षे लोटतात तसतसा रोग उलटलेल्यांचा आकडा वाढत जातो, असे दिसून आले. म्हणून एक वर्ष सुखाचे गेले एवढ्याने गाफील राहू नये.

ह्या बाबतीत एक गैरसमज रूढ आहे, तो असा की वस्तऱ्याने तो भाग सतत तासत राहावा. जर्मनीतील लष्करी रुग्णालयाच्या रुग्णांचा जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात दीर्घकाळ वस्तरा वापरणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण उलट अधिकच आढळले. आखूड कापलेला केस टोकदार होतो आणि सहज रुततो, हे आपण वर पाहिलेच आहे. लेसर किरणांनी केस मुळापासून निकामी करण्याची रीत मात्र लाभदायक ठरली आहे. अमेरिकेतील एका बालरुग्णालयात ११ ते २१ वर्षे वयाच्या तीनशेवर रुग्णांवर झालेला प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. नुसती स्वच्छता व वस्तरा-मलमाने केस काढणे ह्यांवर राहिलेल्यांत एका वर्षात शेकडा सुमारे ३४ जणांचा रोग उलटला; लेसरची जोड दिलेल्यांत तो शेकडा सुमारे १० जणांचाच उलटला. ह्या उपचारास अनेक बैठका लागतात व खर्चही होतो. परंतु रोग एकदा उलटलेल्या तरुणाच्या बाबतीत तो खर्च सत्कारणी लागतो, असे आम्हांस वाटते.

ज्याला हे शक्य नाही, त्याने निदान पुढील गोष्टी पाळाव्यात. रोज स्नानाच्या वेळी घळ साबणाने धुऊन, पाणी वरून खाली सोडून, सुटे केस वाहून जाऊ द्यावेत व मग जागा कोरडी करावी. केस कापून आल्यावर स्नान केल्याशिवाय बैठक मारू नये. घाम टिपणारे सुती, सैल कपडे वापरावेत. दर तासाला उठून चार पावले चालावे. वजन बेताचे ठेवावे.

घरातील मंडळींस विनंती

शेवटी वडीलधाऱ्यांस एक सांगावयाचे आहे. घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी एका अंगाला कलून बसू लागली, प्रवास टाळू लागली, कपडे लपवून धुऊ लागली, तर रागे न भरता, थट्टा न करता, एकांतात सरळ विचारावे. 'हा फार जणांना होणारा, केसामुळे होणारा साधा रोग आहे' एवढे एक वाक्य घरच्या माणसाच्या तोंडून वेळेवर ऐकायला मिळाले, तर मुलाची दोन वर्षांची लपवाछपवी वाचते. मुलीस स्त्री-डॉक्टर हवी असेल तर तशी सोय पाहावी. भावंडांपैकी एकास रोग झाला असेल तर दुसऱ्यास स्वच्छतेचे नियम आधीच समजावून द्यावेत.

काट्याने काटा काढावा, असे आपण म्हणतो. येथे तर काटा म्हणजे आपलाच एक गळलेला केस आहे. तो आत शिरला आहे हे लवकर ओळखणे, बेताच्या उपचाराने तो बाहेर काढणे, आणि पुन्हा शिरू नये म्हणून दार बंद ठेवणे, इतकेच काय ते करावयाचे असते. ते वेळीच केले म्हणजे तरुण माणूस पुन्हा निर्वेधपणे आपल्या अभ्यासाला आणि कामाला बसू शकतो.